हक्कांची पाटी चोरीला गेली

१

पोलीस ठाण्यातून वस्तू नाहीशा होण्यात नवल काहीच नाही. जप्त केलेल्या सायकली जातात, छताचे पंखे जातात, साक्षीदार जातात. एकदा आख्खा ट्रक गेला होता, आणि त्याच्या शोधाला पाठवलेली जीपही परत यायचं नाव घेईना. पण मानवी हक्कांची पाटी चोरीला जाण्याची ही पहिलीच वेळ. चोराला ती विकून मिळणार काय, हा प्रश्न ठाण्यात ज्याला त्याला पडला. हक्कांना बाजारात काय भाव आहे, हे त्या ठाण्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

चोरी उघडकीला आली ती हक्क आयोगाच्या तपासणीस बाईंमुळे. कचेरीत त्यांना सगळे ‘टोचणी’ म्हणत, तेही त्यांना ऐकू जाईल इतक्या दबक्या आवाजात. सरकारी ठिकाणी आयोगाच्या माणसाला खुर्ची द्यायची पद्धत नसल्यामुळे त्या स्वतःचं घडीचं स्टूल काखेत मारूनच हिंडत.

त्या सकाळी टोचणीबाई ठाण्याच्या व्हरांड्यात शिरल्या तेव्हा दाराशेजारी एक कोरी करकरीत निळी पाटी होती. ‘हसतमुखाने आपले स्वागत आहे.’ खाली एक हसरा चेहरा. तो जरा दुखत असल्यासारखा हसत होता.

बाईंनी पाटीला बोट लावलं. बोट निळं झालं.

“रंग ओला आहे, मॅडम,” हवालदार म्हणाला. डोकं पिकलेला, गणवेशाची घडी न घडी जागेवर, खिशाची सगळी बटणं लावलेली. “बाही सांभाळा.”

“आणि हे काय? पाटीला टेंगूळ आलंय.” डाव्या बाजूला, ‘ह’च्या शेजारी, पत्रा मुठीएवढा पुढे आला होता.

“पत्राच तसला मिळाला. स्वागताला चालून जातो.”

आत ठाणेदारसाहेब बसले होते. देह भरदार, मिशी त्याहून भरदार आणि उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जुळ्या भावांसारखी एकत्र बांधलेली, बाकीची बोटं मोकळी. डाव्या हातात तीन अंगठ्या होत्या आणि करंगळीत चौथी, चौकोनी पिवळ्या खड्याची. ती बोटात अशी रुतली होती की करंगळी जांभळी पडली होती. खड्याचा एक कोपरा उडालेला होता. साहेबांचे सगळेच ग्रह एका हातावर येऊन पडले होते.

“तक्रार काय तर म्हणे आरोपीला मारलं,” साहेब म्हणाले. “मॅडम, मार कुणी खाल्लाय ते बघा. तो लिफ्टवाला! मोज्यात पाना लपवून आला आणि माझ्या हातावर घातला. कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याचा हात मोडला. हा घ्या पाना.”

पाना खरोखरच टेबलावर होता, गळ्यात चिठ्ठी बांधून, बक्षीस मिळाल्यासारखा.

“हे घडलं ती खोली दाखवा.”

चौकशीची खोली अगदी आत, दोन दारं ओलांडून होती. एक टेबल, साहेबांची खुर्ची, समोर भिंतीला टेकून आरोपीची खुर्ची. कॅमेऱ्याच्या जागी नुसतीच वायर लोंबत होती.

“कॅमेरा?”

“दुरुस्तीला गेलाय,” हवालदार म्हणाला.

“कधी?”

“आरोपी आला की जातो, मॅडम.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं.

टोचणीबाई मात्र भिंतीकडे पाहत होत्या. आरोपीच्या खुर्चीच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोक्याशी, भिंतीवर एक फिकट चौकोन होता. चार कोपऱ्यांत लाकडी ठोकळे आणि त्यांत चार स्क्रू, पिळून बसवलेले. चौकोनाच्या उजव्या भागात गिलाव्याची एक छोटी खपली उडाली होती.

“इथे हक्कांची पाटी होती ना? आयोगाने प्रत्येक ठाण्याला दिलेली?”

साहेबांनी मिशीवरून डावा हात फिरवला. पोलिसी आयुष्यात अशा क्षणी सुचतं तेच त्यांनाही सुचलं.

“चोरीला गेली!”

“कुणी नेली?”

“त्या लिफ्टवाल्याची बहीण. परवा येऊन तिने ठाणं डोक्यावर घेतलं होतं. रागाच्या भरात उपटून नेली असणार. आजच उचलतो तिला.”

“उचल की!” दोन्ही उघड्या दारांपलीकडून, व्हरांड्यातून आवाज आला, बसच्या भोंग्यासारखा. “सहा चाकी बस उचलून पार्क करते मी. बघू, कोण कुणाला उचलतं!”

२

बहीण बस चालवायची. खाकी शर्ट, बाह्या वर सारलेल्या. टोचणीबाईंनी व्हरांड्यात स्टूल उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. ती काही बसली नाही.

“दिवसभर बसूनच असते मी, बाई. भांडायला उभं राहायला लागतं.”

“पाटी तुम्ही नेली?”

“कसली पाटी?”

“हक्कांची. अटक झालेल्या माणसाला काय काय मागता येतं, ते लिहिलेली.”

बहीण हसली. “असली पाटी आहे इथे? मग मला का नाही कुणी सांगितलं? परवा मी इथे उभी राहून घसा फोडत होते की माझ्या भावाला वकील द्या, पाणी द्या. हा हवालदार म्हणत होता, ताई, हळू बोला.”

हवालदार दाराशी उभा होता. तो खिशाचं बटण काढून पुन्हा लावू लागला.

मग तिने सगळं सांगितलं. नदीकाठच्या उंच इमारतीतली लिफ्ट कोसळली. दोन माणसं जायबंदी झाली. लिफ्टची देखभाल भावाकडे होती. दोर झिजलाय, बदला, असं तो मालकाला तोंडाने सांगून दमला होता. मालकाने लिफ्टमध्ये नवा आरसा लावला, दोर जुनाच ठेवला. लिफ्ट पडल्यावर मालक साहेबांना भेटून गेला आणि साहेबांनी भावाला उचललं. दोर ठीक होता, चूक माझी, एवढ्यावर सही कर म्हणाले. तो नाही म्हणाला.

“आणि आता म्हणे त्याने हात मोडला. उद्या कोर्टात उभा करणार आहेत, बाई. पोलिसावर हल्ल्याचं कलम लागलं की जामीन संपला. मग लिफ्टचंही त्याच्याच गळ्यात. जो पोलिसाचा हात मोडतो तो दोरही कापतो, असं म्हणायला हे मोकळे!”

तेवढ्यात टोचणीबाईंचा फोन वाजला. आयोगाचे सचिव. त्यांचा आवाज कायम उशीत तोंड घालून बोलल्यासारखा येई.

“बाई, संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. समतोल असू द्या.”

“म्हणजे कसा?”

“एकाच्या बरगड्या दुखतात, एकाचा हात मोडलाय. दोन्हीकडे थोडं थोडं आहे. झाला की समतोल!”

“साहेब, तराजूच चोरीला गेलाय,” बाई म्हणाल्या. “आधी तो शोधते.”

फोन ठेवून त्यांनी हवालदाराला विचारलं, “कोठडीची किल्ली कुणाकडे?”

“माझ्याकडे.”

“मग सगळ्यात जास्त तुम्हालाच माहीत असणार.”

“मला फक्त किल्ल्यांचं माहीत असतं, मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याने किल्ली काढली. खिशातून दुसरंही काहीतरी डोकावलं, लाकडी मुठीचं. त्याने ते चटकन आत ढकललं.

३

लिफ्टवाला कोठडीत भिंतीपासून वीतभर पुढे सरकून बसला होता. पाठ टेकवत नव्हता. वयाने पंचविशीचा असावा. बहीण त्याला धाकट्या म्हणायची, म्हणून बाईंनीही तसंच म्हटलं.

“धाकट्या, पान्याचं खरं काय?”

“माझी हत्यारांची पिशवी दारातच काढून घेतली, बाई. मोजेही काढले. अनवाणी बसवलं होतं. बिनमोज्याच्या मोज्यात पाना कसा लपवतात ते मलाही शिकायचंय.”

“मग हात कसा मोडला?”

त्याने डोळे मिटले. “साहेब म्हणाले, सही कर. मी म्हटलं, दोर झिजलेला होता. ते उठले. मला फक्त डोक्याशी काहीतरी हललेलं जाणवलं, आणि मी वाकलो.”

“पोलिसाचा ठोसा चुकवलास?”

“चुकवला नाही, चुकला. आमचं काम लिफ्टच्या खड्ड्यात असतं. डोक्यावर डबा लोंबतो. वर काही हललं की आधी मान खाली जाते, विचार मागून येतो. न वाकणारे आमच्या धंद्यात म्हातारे होत नाहीत.”

“आणि ठोसा कुठे गेला?”

“माझ्या डोक्यामागे. धाडकन आवाज झाला, रिकाम्या पिंपावर धोंडा पडावा तसा. मग साहेब ओरडले. त्यानंतर...” तो थांबला. “त्यानंतर त्यांचा डावा हात होता आणि बाकीच्या शिपायांचे दोन्ही. तेव्हा वाकून उपयोग झाला नाही. हवालदारकाका बाहेर गेले होते. मी पाणी मागितलं होतं ना, ते आणायला.”

“परत आले?”

“आले. सगळं आटोपल्यावर. पेला भरलेलाच होता.”

बाईंनी स्टूल जरा पुढे सरकवलं.

“डोक्यामागे काय होतं, पाहिलंस?”

“पाठ भिंतीकडे, बाई. मागचं कसं दिसणार? जाताना डोक्यावर घोंगडी टाकली.”

म्हणजे ज्याच्यासाठी पाटी लावली होती त्या माणसाने ती कधी पाहिलीच नव्हती. बाई स्टूल मिटून उठल्या, तेव्हा तो गजांना धरून हळूच म्हणाला:

“एक विचारू? साहेब सकाळी येऊन गेले. म्हणाले, ताईला पाटीच्या चोरीत आत घेतो. तू दोराच्या कागदावर सही केलीस तर पाटी सापडेल. बाई, ती बस चालवते म्हणून घर चालतं. करून टाकू का सही?”

“नाही.”

“तुम्हाला सोपं आहे नाही म्हणायला.”

“मला अवघड आहे. मी आयोगात आहे,” टोचणीबाई म्हणाल्या. “तरी म्हणते, नाही. उद्या कोर्टात जाईपर्यंत हातांची घडी घालून बस.”

त्या व्हरांड्यात आल्या तेव्हा बहीण तिथे नव्हती. एक महिला शिपाई तिला आत घेऊन गेली होती. बाकावर तिची बसची टोपी तेवढी राहिली होती.

४

प्लास्टर घातलं होतं ते हाडांच्या डॉक्टरांनी. त्यांच्या भिंतीवर एक सांगाडा लटकत होता आणि डॉक्टरांपेक्षा तो जास्त निवांत दिसत होता.

“रुग्णाची माहिती मी देऊ शकत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“देऊ नका. सांगाड्याची द्या. ह्याच्या हातावर कुणी वरून पाना घातला तर काय मोडेल?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पण विषय हाडांचा होता, आणि हाडांवर कुणी काही विचारलं की त्यांना राहवत नसे. “पाना लागेल हाताच्या पाठीवर, मध्ये कुठेतरी. नाहीतर मनगटावर. हात वर करून वार अडवला तर कोपराखालचं हाड. वरून कातडीही फाटते.”

“आणि करंगळीच्या मुळाशी, मुठीच्या टोकाला मोडलं तर? करंगळी आणि शेजारचं बोट बांधावं लागेल असं?”

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. “ती मोड मी तरुण मुलांत पाहतो. भिंतीशी भांडलेल्या. प्रेयसीने नाही म्हटलं की दारावर ठोसा मारतात आणि माझ्याकडे येतात. सगळे एकच सांगतात, डॉक्टर, दार अंगावर आलं.”

“म्हणजे ठोसा मारणाऱ्याचा हात.”

“मी असं म्हटलेलं नाही.”

“नाही म्हटलंत. कोर्टाने उद्या विचारलं तर?”

“बाई, माझ्याकडे निम्मे रुग्ण त्या ठाण्यातूनच येतात. काही चालत, काही उचलून.”

“म्हणूनच विचारते.”

डॉक्टरांनी सांगाड्याचा हलणारा हात धरून थांबवला. “कोर्टाने विचारलं,” डॉक्टर अखेर पुटपुटले, “तर हाडाला मी खोटं बोलायला लावू शकणार नाही.” मग अवघडल्यासारखे होऊन म्हणाले, “तुमच्या बोटाला काय झालंय? काळंनिळं पडलंय.”

“रंग आहे. ठाण्यातल्या नव्या पाटीचा.”

डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा दिला. टोचणीबाई बोट पुसू लागल्या. पुसता पुसता थांबल्या. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला, मूठ आवळली, डॉक्टरांच्या टेबलावरचा पत्र्याचा ट्रे उचलला, पालथा केला, सुलटा केला, पुन्हा पालथा केला.

“डॉक्टर, ट्रेला आतून ठोसा मारला तर बाहेरून काय दिसेल?”

“टेंगूळ,” डॉक्टर म्हणाले. “का?”

बाई दारात पोचल्याही होत्या. स्टूल विसरून गेल्या आणि ते घ्यायला परत आल्या.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात कोर्टात न्यायची मंडळी उभी होती. लिफ्टवाल्याच्या हातात बेडी. बहिणीला बेडी नव्हती, पण महिला शिपाई तिच्या दंडाला धरून होती आणि त्याबद्दल बहिणीचं बोलणंही ऐकून घेत होती. साहेब पायरीवर, डावा हात कमरेवर.

“अहवाल आणलात, मॅडम?” त्यांनी विचारलं.

“आणलाय. तोंडी आहे.”

टोचणीबाईंनी घडीचं स्टूल उघडलं. आजवर त्या त्यावर बसत आल्या होत्या. आज चढून उभ्या राहिल्या. त्यामुळे त्या साहेबांपेक्षा वीतभर उंच झाल्या, आणि साहेबांना ते मुळीच आवडलं नाही.

“पाटीच्या चोराचं आधी सांगते. ह्या ताईंनी ती रागाने उपटली, असं तुम्ही म्हणता. रागाने उपटणारी बाई स्क्रू काढते, पाटी नेते आणि स्क्रू पुन्हा जागच्या जागी पिळून बसवते? शिवाय ती पाटी दोन दारांच्या आत होती. नियम व्हरांड्यात लावायचा. तुम्ही ती आरोपीच्या डोक्यामागे लावलीत, त्याला वाचता येऊ नये म्हणून. जी पाटी आत आहे हे बाहेर कुणाला माहीतच नव्हतं, ती चोरायला बाहेरचं माणूस कशाला येईल?”

“मग कुणी नेली?”

“आतल्याच माणसाने. तुम्ही नाही. प्लास्टरच्या हाताने स्क्रू फिरत नाहीत. पण नाहीशी व्हायला हवी होती ती तुम्हालाच. का, ते भिंत सांगते. चौकोनाच्या उजवीकडे गिलाव्याची खपली उडालीय. पत्रा पातळ, ठोकळ्यांमुळे मागे पोकळ आणि त्यामागे भिंत. हा पोरगा सवयीने वाकला. तुमचा ठोसा पाटीवर बसला. पत्रा आत गेला, पत्र्यामागे भिंत आली आणि करंगळीचं हाड गेलं.”

“काहीच्या काही! पाटी कुठेय? पाटी दाखवा!”

“तुम्ही रोज तिच्यासमोरून जाताय.” बाईंनी निळ्या पाटीवर बोट ठेवलं. आता रंग वाळला होता. “हसतमुखाने आपले स्वागत. डावीकडे टेंगूळ. पाटी फिरवली की डावीकडचं उजवीकडे जातं आणि टेंगळाचा पोचा होतो. हवालदार, तुमच्या खिशात लाकडी मुठीचं काय आहे?”

हवालदाराने खिशाचं बटण काढलं. स्क्रू-ड्रायव्हर होता.

“हात लावू नकोस!” साहेब ओरडले.

हवालदार क्षणभर थांबला. त्याने लिफ्टवाल्याकडे पाहिलं. मग पाटीकडे वळला आणि एकेक स्क्रू काढून खिशात टाकू लागला. स्क्रू कुरकुरत होते तेवढंच.

पाटी फिरली. पांढऱ्या पत्र्यावर काळी अक्षरं. उजवीकडे मुठीएवढा पोचा, आणि पोच्याच्या तळाशी रंग उडून एक चौकोनी खळगा पडलेला, एका कोपऱ्याला तुटका.

गोष्टी लिहिणाऱ्याने हा पोचा ‘आरोपीस मारहाण करू नये’ ह्या कलमावर नक्की पाडला असता. नशिबाला तेवढी विनोदबुद्धी नसते. पोचा पडला होता सातव्या कलमावर: ‘मागितल्यास पिण्याचे पाणी देण्यात यावे.’

“हा पोचा जुना असेल!” साहेब म्हणाले. त्यांचा डावा हात कमरेवरून निघून खिशात गेला.

“नव्हता,” हवालदार म्हणाला. “पाटी मी लावली होती. मी रोज पुसायचो. पोचा नव्हता.”

“तुला मी ती नाहीशी करायला सांगितली होती!”

हे बोलल्यावर आपण काय बोललो ते साहेबांना कळलं. उशीर झाला होता.

“तुम्ही म्हणालात, जुनी नाहीशी कर आणि बाई यायच्या आत एक छानशी नवी लाव. पत्रा एकच होता, साहेब. मी उलटा केला. जुनी दिसेनाशी झाली, नवी लागली. हुकूम पाळला.”

“खरं सांगा,” टोचणीबाई म्हणाल्या.

हवालदाराने स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवून बटण लावलं. “खरं सांगायचं तर... मी पाणी घेऊन दाराबाहेर उभा होतो, मॅडम. आतले आवाज ऐकत. आत जायचं धाडस झालं नाही. पाटी तोडायचंही झालं नाही.”

“तुला बघून घेईन मी!”

“बघा की,” हवालदार म्हणाला. त्याने टाचा जुळवल्या. “इथेच उभा आहे.”

बहिणीने दंडावरचा शिपायाचा हात बाजूला केला आणि बाकावर राहिलेली आपली बसची टोपी उचलून डोक्यावर घातली. “चला कोर्टात. उशीर करू नका. मी कधी उशीर करत नाही.”

६

कोर्टात पाटी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात टेकवून ठेवली. इतर साक्षीदारांच्या मानाने ती बरीच ठाम दिसत होती. डॉक्टर आले होते. कपाळ पुसत का होईना, मोड ठोसा मारणाऱ्याची आहे, असं त्यांनी सांगितलं.

“पोच्यात चौकोनी खड्याची खूण आहे,” न्यायाधीश म्हणाले. “ठाणेदार, तुम्ही तशी अंगठी घालता का?”

“घालत होतो, साहेब. चोरीला गेली.”

“तीही?” न्यायाधीश म्हणाले. “तुमच्या ठाण्यात एखादा पोलीस ठेवायला हवा. बरं, हे शपथेवर सांगा.”

साहेब पिंजऱ्यात गेले. शपथेला हात वर करायचा. उजवा प्लास्टरमध्ये. साहेबांनी बराच वेळ तो प्लास्टरचा हातच उचलायची खटपट केली. शिरस्तेदार म्हणाला, “दुसरा चालेल.” सगळं कोर्ट वाट बघू लागलं. शेवटी डावा हात खिशातून निघाला आणि वर गेला. जांभळ्या करंगळीत रुतलेला, कोपरा उडालेला पिवळा खडा खिडकीच्या उन्हात लखलखला. प्लास्टर घालताना उजव्या हातातली ही अंगठी त्यांनी डाव्या करंगळीत कोंबली होती. आता साबण, तेल, दोरा, सगळं करून झालं होतं. निघाली नव्हती.

“सापडली,” न्यायाधीश म्हणाले.

साबणाने न निघालेली अंगठी कोर्टाच्या हुकमाने करवतीने कापली. खळग्यात ती तुटक्या कोपऱ्यासकट बसली. हल्ल्याचं कलम तिथेच गळून पडलं. धाकट्याला संध्याकाळच्या आत सोडलं, पाटीच्या चोरीत ताई मोकळी झाली आणि लिफ्टच्या मालकाला दोराबद्दल विचारायला कोर्टाने दुसरा अधिकारी नेमला.

ठाणेदार निलंबित झाले आणि त्यांची चौकशी सुरू झाली. ती अजून सुरूच आहे. अधिकाऱ्याची चौकशी त्याच्या हक्कांचा पूर्ण मान राखून करावी लागते. हवालदाराची बदली मात्र लगेच झाली, डोंगरापलीकडच्या एका नाक्यावर, जिथे मेंढरांशिवाय कुणी जात नाही. खरं बोलणाऱ्याला सरकार हवापालट देतं.

टोचणीबाईंना सचिवांनी खुलासा विचारला. अहवाल एका बाजूला झुकला आहे, असं का? बाईंनी उत्तर दिलं: “पत्रा जिकडे झुकला तिकडे.”

बदलीवर निघण्याआधी हवालदाराने एक काम काढलं. कोर्टातून परत आलेली पाटी लावायची होती. वरून हुकूम होता: पोचा ठोकून काढा, पूर्ववत करा. त्याने लिफ्टवाल्याला बोलावून घेतलं. धाकट्या हातोडी घेऊन आला, ताई बस ठाण्यासमोर उभी करून आली, टोचणीबाई स्टुलासकट आल्या.

धाकट्याने पोच्यावरून अंगठा फिरवला आणि हातोडी पिशवीत टाकली. “नाही ठोकणार.”

“हुकूम आहे,” हवालदार म्हणाला.

“काका, मला आता सही कर म्हटलं तरी मी करत नाही. हे तर हातोडीचं काम आहे.”

हवालदाराने मान हलवली. जणू हेच ऐकायला त्याने बोलावलं होतं. “व्हरांड्यात लावतो मग. नियमाप्रमाणे.”

“एक तिथे लावा,” ताई म्हणाली. “नवी मागवा आयोगाकडून. ही आत लावा.”

“आत? त्याच खोलीत?”

“त्याच खोलीत. पण त्या भिंतीवर नाही. समोरच्या. साहेबाच्या डोक्यामागे, बसवलेल्या माणसाच्या तोंडासमोर. पाठीमागे लावलेले हक्क वाकणाऱ्याच्याच कामाचे. माझा धाकटा वाकला म्हणून वाचला. उद्या इथे बस चालवणारी येईल, मास्तर येईल. त्यांना नाही यायचं वाकायला. आणि का वाकायचं? आम्हाला ताठ बसून वाचायचंय.”

स्क्रू हवालदाराच्या खिशात होतेच. पाटी समोरच्या भिंतीवर चढली. सरळ आहे का ते पाहायला धाकट्या आरोपीच्या खुर्चीत बसला. ह्या वेळी पाठ टेकवून.

“दिसतंय?” टोचणीबाईंनी विचारलं.

“दिसतंय.”

“मग वाच. शेजारच्या खोलीत नवे साहेब बसलेत. त्यांना ऐकू जाईल असं.”

त्याने पहिल्या कलमापासून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्याला शेजारच्या खोलीतली खुर्ची करकरली. चौथ्याला कुणीतरी दार लोटून घेतलं. ताईने ते जाऊन उघडलं आणि पाठ लावून उभी राहिली. सातव्याशी पोच्यात अक्षरं दुमडली होती, तिथे तो अडखळला, पुढे वाकून बघू लागला.

“वाकू नकोस,” ताई म्हणाली.

तो मागे सरला. ते कलम त्याला पाठ होतं. तो मोठ्याने म्हणाला, “पाणी!”

हवालदार पेला घेऊन आत आला. ह्या वेळी तो दाराबाहेर थांबला नाही.